चालकाविना धावणारी छोटी मोटार: चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांनी या क्लबमध्ये कसे शिरावे?

दहावी-बारावीचा निकाल लागला, पॉलिटेक्निकला नाहीतर इंजिनीअरिंगला नंबर लागला, की घरच्यांना वाटते, चला, पोराचे एक काम झाले. पुढची तीन-चार वर्षे हजेरी, सबमिशन आणि परीक्षेत निघून जातात. कॉलेजात वर्गाबाहेर काय चालते याची घरच्यांना खबर नसते, आणि बऱ्याचदा त्या विद्यार्थ्यालाही नसते. आज आम्ही वर्गाबाहेरच्या अशाच एका उद्योगाबद्दल सांगणार आहोत: स्वतःहून चालणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यती आणि त्यासाठी गाड्या तयार करणारे विद्यार्थ्यांचे क्लब.

प्रकार साधा आहे. हातभर लांबीची मोटार, तिच्यावर एक कॅमेरा आणि तळहाताएवढा संगणक. फरशीवर चिकटपट्टीने रस्ता आखलेला. गाडी सोडली की रिमोटला कुणी हात लावायचा नाही. वळण कधी घ्यायचे, वेग कुठे कमी करायचा, अडथळ्याच्या कोणत्या बाजूने निघायचे, सगळे गाडीने ठरवायचे. कमी वेळात आणि रस्ता न सोडता जो फेऱ्या पूर्ण करतो तो जिंकतो. बघणाऱ्याला खेळणे वाटेल, पण मोठ्या विनाचालक गाडीच्या आत ज्या गोष्टी असतात त्यांतल्या बहुतेक इथे छोट्या आकारात असतात.

हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, वरोरा, तिकडे देसाईगंज, गडचिरोली, आष्टी, अहेरी, कुठल्याही गावच्या स्टँडजवळ जाऊन बघा. ट्रकची बॉडी बांधणारा, डेंटिंग-पेंटिंगवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन, पंक्चरवाला, कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, यांत आपली माणसे हमखास भेटतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच नोंदवले होते, की मुस्लिम कामगारांचा वाटा रस्ते वाहतूक आणि वाहन दुरुस्ती या क्षेत्रांत जास्त आहे. म्हणजे गाडीचा धंदा बदलला तर त्याची झळ आपल्या घरांना आधी बसणार.

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, तेही नागपुरातच, स्पष्ट सांगितले की चालकाविना गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण ड्रायव्हरांचा रोजगार जाईल. ड्रायव्हर बांधवांसाठी हा दिलासा आहे आणि ती भूमिका आम्हाला पटतेही. पण दिलाशावर तीस वर्षांचे पोट भरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीच्या लोहखनिजाच्या खाणीत २००८ पासून चालकाविना डंपर चालू लागले. आमच्या सूरजागडला किंवा वेकोलिच्या खाणीत ते उद्याच येतील असे आम्ही म्हणत नाही. पण खाण म्हणजे बंदिस्त जागा. तिथे सार्वजनिक रस्त्याचे नियम आणि गर्दी नसते, त्यामुळे ही तंत्रे जगात आधी तिथेच पोचली, हे खाणीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आणि एक गोष्ट तर येऊनही गेली. समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या, लेन सुटली तर स्टेअरिंग सांभाळणाऱ्या, पुढे गाडी आली तर आपोआप ब्रेक मारणाऱ्या मोटारी आपल्या रस्त्यांवर फिरत आहेत. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही २०२१ ची गाडी त्यातलीच. अशा गाडीची काच बदलली की कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन नव्याने करावे लागते. कॅमेरा थोडासा जरी तिरपा बसला तरी गाडीला लेन चुकीच्या जागी दिसते. ज्या मिस्त्रीला हे काम येईल त्याच्याकडे ती गाडी जाणार. ज्याला येणार नाही त्याच्याकडे फक्त जुन्या गाड्या उरतील, आणि जुन्या गाड्या दरवर्षी कमीच होत जातात.

आता गाडी शिकते कशी ते बघू. आपल्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये, कारण गॅरेजमध्ये उस्ताद आणि शागीर्द यांचे जे नाते असते तेच इथे आहे. उस्ताद शागीर्दाला पुस्तक देत नाही. शागीर्द बाजूला उभा राहून बघतो: आवाज असा आला की उस्तादने पाना कुठे लावला, किती फिरवला. हजार वेळा बघितल्यावर हात आपोआप चालू लागतो. छोट्या मोटारीच्या बाबतीत उस्ताद म्हणजे विद्यार्थी आणि शागीर्द म्हणजे गाडीतला संगणक. विद्यार्थी आधी रिमोटने गाडी स्वतः चालवतो. त्या वेळी कॅमेरा सेकंदाला वीसएक फोटो काढतो आणि प्रत्येक फोटोसोबत त्या क्षणी स्टेअरिंग किती वळवले होते, वेग किती दिला होता, याची नोंद होते. दहा मिनिटे चालवले की बारा हजार फोटो जमतात. ते सगळे लॅपटॉपवर घेऊन एका प्रोग्रामला दाखवायचे. असा फोटो आला तर माणसाने एवढे वळवले, तसा आला तर तेवढे. प्रोग्राम त्यातून आपला अंदाज बांधतो आणि तो अंदाज परत गाडीत भरायचा. पुढच्या वेळी रिमोट बाजूला ठेवायचा.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८९ मध्येच एका व्हॅनला याच पद्धतीने रस्ता शिकवला होता. तेव्हा त्यासाठी व्हॅनभर यंत्रे लागत. आज तेच काम काही हजारांच्या छोट्या संगणकावर होते. त्यासाठी लागणारी डाँकी कार नावाची प्रणाली अमेरिकेतल्या ओकलंड भागातल्या हौशी मंडळींनी तयार करून सर्वांना फुकट खुली केली. जगातले कित्येक क्लब आपली पहिली गाडी तीच वापरून बनवतात.

खरी गंमत पुढे आहे. शागीर्द उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही उचलतो. तुम्ही वळणावर उशिरा स्टेअरिंग फिरवत असाल तर गाडीही उशिराच फिरवणार. सगळ्या फेऱ्या डावीकडून मारल्या असतील तर गाडीला उजवे वळण माहीतच नसते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे, तुम्ही नेहमी रस्त्याच्या मधोमध नीट चालवले असेल तर गाडीने कडेला गेलेला रस्ता कधी पाहिलेलाच नसतो. एकदा थोडी कडेला सरकली की तिला पुढे काय करायचे हे कळत नाही आणि ती सरळ बाहेर जाते. म्हणून जाणती पोरं मुद्दाम गाडी कडेला नेतात आणि तिथून परत मध्ये येतानाचाच भाग नोंदवतात. चुकीतून परत कसे यायचे हे वेगळे शिकवावे लागते. पाठ्यपुस्तकातले चार धडे जे सांगत नाहीत ते या एका अनुभवातून कळते: यंत्राला अक्कल नसते, आपण जे दाखवले तेवढेच त्याला येते.

दुसरी पद्धत शाबासकीची. गाडीला चालवून दाखवायचे नाही, नुसते गुण द्यायचे. रस्त्याच्या मधे राहिली तर गुण, बाहेर गेली तर शून्य, लवकर पोचली तर जास्त. गाडी संगणकातल्या नकली रस्त्यावर हजारो वेळा धडपडते आणि जास्त गुण मिळवायचा मार्ग शोधते. ॲमेझॉनने २०१८ मध्ये डीपरेसर नावाची अशी छोटी गाडी आणली, तिची लीग भरवली, २०२२ पासून विद्यार्थ्यांसाठी वेगळी लीग सुरू केली. भारतातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांची या विषयाशी पहिली ओळख तिथेच झाली, कारण गाडी विकत न घेता नुसत्या ब्राउझरवर भाग घेता येत होता. मात्र २०२४ हे त्या लीगचे शेवटचे वर्ष ठरले. आमचे मत असे की कंपनीच्या लीगमध्ये भाग जरूर घ्यावा, पण सगळा क्लब तिच्या भरवशावर उभा करू नये. दुकान त्यांचे आहे, शटर कधीही खाली येते.

तिसरी पद्धत सर्वात जुनी, आणि नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी असे आम्हाला वाटते. यात शिकणे-बिकणे काही नाही, नियम आपण लिहून द्यायचे. खाली दोन सेन्सर लावायचे. डाव्या सेन्सरखाली काळी रेघ आली की डावीकडे वळ, उजव्याखाली आली की उजवीकडे. याला लाइन फॉलोअर म्हणतात. हे जमले की मग वळणावर गाडी झोके का खाते, झोके कमी करायचे तर किती वळवायचे, या प्रश्नांशी गाठ पडते आणि त्यातून कंट्रोल हा विषय आपोआप डोक्यात शिरतो. मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातला एसआरए हा विद्यार्थ्यांचा रोबोटिक्स गट कित्येक वर्षे नव्या मुलांना याच रस्त्याने नेतो. वॉल-ई नावाची त्यांची छोटी गाडी रेघेवर चालते आणि दोन चाकांवर तोलही सांभाळते. तिचा सगळा प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवर खुला ठेवला आहे. सिरोंचात बसूनही तो उघडता येतो.

आपल्या भागातली मुले शिकतात कुठे? चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राजीव गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय, बामणीचे बल्लारपूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, गडचिरोली आणि ब्रह्मपुरीची शासकीय तंत्रनिकेतने, शिवाय आयटीआय. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात टाटा टेक्नॉलॉजीजच्या साहाय्याने सीआयआयआयटी हे प्रशिक्षण केंद्रही उभारले गेले आहे. तिथली यंत्रे बाहेरच्या विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतात का, याची चौकशी जरूर करावी. सर्वात जवळचा नावाजलेला गट म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटीमधला आयव्हीलॅब्स. रोबोटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यावर काम करणारी ही विद्यार्थ्यांनीच चालवलेली प्रयोगशाळा आहे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. पहाटेच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. कॉलेजचे तांत्रिक महोत्सव असतात तेव्हा जावे, पोरांशी बोलावे. ही पोरं आपल्या गाडीबद्दल सांगायला एवढी उत्सुक असतात की त्यांना थांबवावे लागते.

बाहेरच्या स्पर्धांपैकी दोन आम्हाला इथल्या विद्यार्थ्यांसाठी जास्त उपयोगी वाटतात. एक, वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडचा फ्यूचर इंजिनीअर्स हा गट. भारतात ही ऑलिम्पियाड इंडिया स्टेम फाउंडेशन भरवते, आणि २०१६ ची जागतिक फेरी दिल्लीत झाली होती. या गटात दोन-तीन विद्यार्थ्यांचा संघ असतो आणि चौदा वर्षांपासून पुढच्या मुलांना भाग घेता येतो, म्हणजे नववी-दहावीपासूनच. वयाची वरची मर्यादा मात्र त्या-त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघून घ्यावी. गाडी जास्तीत जास्त ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, ३० उंच आणि वजन दीड किलोच्या आत. मैदान तीन मीटर बाय तीन मीटरचे. गाडीने तीन फेऱ्या मारायच्या. दुसऱ्या टप्प्यात वाटेत रंगीत खांब उभे असतात. लाल दिसला तर उजव्या बाजूने जायचे, हिरवा दिसला तर डाव्या बाजूने, आणि शेवटी दोन ठोकळ्यांच्या मधे गाडी पार्क करायची. खांब कुठे असतील ते आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरते, त्यामुळे पाठांतर चालत नाही. रणगाड्यासारखी जागच्या जागी फिरणारी गाडीही चालत नाही. खऱ्या मोटारीसारखे पुढचे चाक वळणारे स्टेअरिंगच हवे.

या स्पर्धेतला आम्हाला सर्वात आवडलेला नियम वेगळाच आहे. गाडी कशी बनवली, कोणता भाग का निवडला, वायरिंगचा नकाशा, प्रोग्राम, फोटो, व्हिडिओ, हे सगळे लिहून जाहीर करावे लागते आणि त्यालाही गुण असतात. संघात ज्याला प्रोग्रामिंग फारसे येत नाही पण जो नीट लिहितो, नीट आकृती काढतो, त्याची किंमत इथे बरोबरीची आहे.

दुसरी म्हणजे आयआयटी मुंबईचा ई-यंत्र प्रकल्प. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून चालणारा हा प्रकल्प दरवर्षी महाविद्यालयीन संघांसाठी रोबोटिक्सची स्पर्धा घेतो. विषय दरवर्षी बदलतो, कधी शेती, कधी गोदाम, कधी शहरातली वाहतूक. मोठा फायदा असा की महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने काम दिले जाते, शिकवण्याचे साहित्यही मिळते. शर्यतीला एका दिवसात हरून परत यावे लागते तसे इथे होत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेली एफ-वन-टेन्थ, जिला आता रोबोरेसर म्हणतात, ती या क्षेत्रातली मोठी शर्यत. तिच्या गाडीवरचा लेझरने अंतर मोजणारा लायडार सेन्सर महाग असतो, चांगला घेतला तर लाखाच्या पुढे जातो. गाडी नाही बनवता आली तरी त्यांचा अभ्यासक्रम फुकट उपलब्ध आहे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो बघावा.

आता क्लबमध्ये शिरायचे कसे? बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीला घेतात. नोटीस लागते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, आणि त्या ग्रुपमध्ये आपली पोरं नसतात. रोज जाऊन-येऊन करणारे, हॉस्टेलला न राहणारे, सीनियरशी ओळख नसलेले मागे राहतात ते इथेच. तेव्हा नोटिशीची वाट बघू नका. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलच्या लॅब असिस्टंट सरांना विचारा, क्लब कोण चालवते आणि कुठल्या खोलीत बसतात. सरळ जाऊन सांगा, दादा, मला काही येत नाही, पण मी रोज येईन. यात लाजण्यासारखे काही नाही. क्लबला हुशार पोरांचा तुटवडा नसतो, रोज येणाऱ्यांचा असतो.

इंग्रजीची भीती हा आणखी एक अडसर. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेले विद्यार्थी मुलाखतीचे नाव काढले की मागे सरतात. आमचे सांगणे असे की मुलाखतीला जाण्याआधी काहीतरी करून न्या. रेघेवर चालणारी साधी गाडी, एखादा तुटका रिमोटचा ट्रक उघडून परत जोडलेला, काहीही. हातातली वस्तू बोलते तेव्हा इंग्रजी मागे पडते. पुढे वाचण्यापुरते इंग्रजी लागतेच, ते मात्र शिकावे. त्याला शॉर्टकट नाही.

आणि गॅरेजवाल्या घरातल्या मुलांनी तर मुळीच मागे राहू नये. का ते सांगतो. छोटी मोटार सरळ सोडली तरी एका बाजूला ओढते, हे प्रत्येक क्लबचे रोजचे रडगाणे आहे. संगणकवाली पोरं दोन-दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. ज्याने अब्बांच्या हाताखाली अलाइनमेंट पाहिली आहे तो गाडी उलटी करून सांगेल, पुढचे चाक आत झुकले आहे, टाय रॉड एक आटा फिरव. ते फिरवल्यावर दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी लागते: स्टेअरिंगची मधली जागा बदलली की आधी जमवलेले बारा हजार फोटो निरुपयोगी होतात, कारण त्यांतली नोंद जुन्या स्टेअरिंगची आहे. म्हणजे आधी गाडी मेकॅनिकली पक्की करायची, मगच शिकवायला बसायचे. बॅटरीचेही तसेच. बॅटरी उतरत आली की तेवढाच वेग मागितला तरी गाडी हळू धावते आणि फेऱ्यांचा हिशोब चुकतो. वायर कुठे ढिली आहे, डाग कुठे सुटला आहे, मोटर गरम का होते, हे ज्ञान आपल्या पोरांच्या बोटांत आहे. त्याला कुणी प्रमाणपत्र दिलेले नाही म्हणून ते कमी ठरत नाही.

मुलींबद्दल थोडे बोललेच पाहिजे. क्लबचे काम कॉलेज सुटल्यावर चालते आणि रात्र होते, म्हणून घरचे नको म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण यावर तोडगा निघतो. गाडी चालवून फोटो जमवण्याला हॉल लागतो. फोटो निवडणे, खराब फोटो काढून टाकणे, प्रोग्राम लिहिणे, सिम्युलेटरवर सराव करणे हे घरी लॅपटॉपवर होते. मैदानावरचे काम रविवारी दिवसा ठेवा असे क्लबला सांगता येते, आणि संघात दोन मुली असतील तर ते सांगणे सोपे जाते. पालकांना आमची विनंती एवढीच, की नाही म्हणण्याआधी एकदा क्लबच्या खोलीत जाऊन स्वतः बघून या.

खर्चाचे काय? किमती सतत बदलतात, तरी अंदाज देतो. लाइन फॉलोअरची चौकट, मोटर आणि सेन्सर हे पाचशे-सातशे रुपयांत होते, त्यावर ईएसपी-३२ किंवा आर्डुइनोचा बोर्ड आणखी पाचशेच्या आसपास. कॅमेरावाली गाडी करायची तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पाच-सहा हजारांचा, कधी त्याहून महाग, आणि बरी रिमोट गाडी, बॅटरी, कॅमेरा धरून पंधरा ते वीस हजारांची तयारी हवी. हा खर्च एकट्याने करायचाच नाही. पाच जणांत एक गाडी पुरते. फोटोंवरून शिकवण्याच्या कामाला भारी लॅपटॉप लागतो, पण ते काम गूगल कोलॅबवर फुकटात होते. डाँकी कारचा सिम्युलेटरही फुकट आहे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, हॉल बंद होते तेव्हा जगभरच्या लोकांनी त्याच सिम्युलेटरवर घरबसल्या शर्यती केल्या. म्हणजे पहिले दोन महिने एक रुपयाही न घालता घालवता येतात. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर बोर्ड आणि सेन्सर तिथल्या कपाटात असतात. ते कपाट उघडायला लावणे हेच काम.

इथे समाजातल्या जाणत्यांशी दोन शब्द. दरवर्षी जून-जुलैत गुणवंतांचे सत्कार होतात, शाली, ट्रॉफ्या, मंडप, जेवण. चांगले आहे, पोरांना हुरूप येतो. पण एका कार्यक्रमाच्या मंडपाच्या भाड्यात एक गाडी उभी राहते आणि ती तीन वर्षे पंधरा-वीस पोरांना पुरते. सत्कार बंद करा असे आम्ही म्हणत नाही, एखाद्या वर्षी ट्रॉफीऐवजी रास्पबेरी पाय द्या. शादीखान्याचा हॉल लग्नाचा मोसम नसताना रिकामाच असतो. असर ते मगरिब तेवढा वेळ तो पोरांना मिळाला तर तीन मीटरचे मैदान सहज मावते. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी मार्टी या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली आहे. असे प्रशिक्षण विदर्भातही व्हावे, ही मागणी तिथपर्यंत पोचवायला हवी.

इथल्या हवामानाबद्दल कुठल्याच परदेशी पुस्तकात लिहिलेले नसते, म्हणून आम्ही लिहितो. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४५-४६ अंश. रास्पबेरी पाय आतून ८० अंशांच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग जो निर्णय पटकन व्हायचा तो उशिरा होतो आणि गाडी भिंतीवर जाते. गाडी सेकंदाला दोन मीटर धावत असेल तर सेकंदाचा दहावा भाग उशीर म्हणजे वीस सेंटिमीटर पुढे. छोटा पंखा आणि पत्र्याचा हीटसिंक लावलाच पाहिजे. लिथियम पॉलिमर बॅटरी उन्हात किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवू नये, फुगलेली वापरू नये, चार्जिंगला लावून झोपू नये. आग लागते, यात मस्करी नाही.

दुसरे म्हणजे सावली. झाडाखाली अंगणात मैदान आखले तर सागाच्या पानांची सावली कॅमेऱ्याला रस्त्याची रेघच वाटते. सकाळी शिकवलेली गाडी दुपारी चुकते, कारण खिडकीतून येणाऱ्या उन्हाची जागा बदललेली असते. यावर उपाय असा की वेगवेगळ्या वेळी, दिवे लावून, दिवे घालवून, पडदे ओढून फोटो जमवायचे. याच कारणाने परदेशातल्या रस्त्यांवर शिकलेली मोठी गाडीही मूल-चंद्रपूर रस्त्यावर संध्याकाळी समोर आलेल्या रानगव्याला ओळखेलच याची खात्री नाही. तिला तो कधी कुणी दाखवलेला नसेल. जंगलातल्या जिल्ह्यातल्या पोरांनी इथल्या रस्त्यांचे, इथल्या जनावरांचे, इथल्या प्रकाशाचे फोटो जमवले तर ते काम पुण्या-बंगळुरूच्या पोरांना करता येणार नाही असे आहे.

नेटवर्क हा एटापल्ली-भामरागडकडच्या मुलांचा प्रश्न. सिम्युलेटर आणि शिकवण्याचे व्हिडिओ एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी आल्यावर पेनड्राइव्हवर उतरवून न्यावेत. सराव त्यानंतर इंटरनेटशिवायही होतो.

कॉलेजात क्लबच नसेल तर? चार जण पुरेत. एक हाताने काम करणारा, एक प्रोग्राम लिहिणारा, एक नोंदी ठेवणारा आणि एक सरांकडे खेटे घालणारा. चौथा सर्वात महत्त्वाचा. प्राचार्यांना अर्ज देताना मोठमोठी स्वप्ने लिहू नका. एक खोली, एक कपाट, एक मार्गदर्शक शिक्षक आणि संध्याकाळी सहापर्यंत परवानगी, एवढेच मागा. सर्व समाजांची मुले घ्या, सुरुवातीपासून घ्या. जो क्लब एका गल्लीचा होतो तो ती गल्ली पास होऊन गेली की बंद पडतो. आणि पहिल्याच वर्षी पुढच्या वर्षासाठी दोन ज्युनिअर तयार करा, वही त्यांच्या हाती द्या. त्या वहीत गाडी कुठे-कुठे धडकली आणि का धडकली, हे तारखेसकट लिहिलेले असावे.

वेळेचे गणित असे धरा. प्रवेश ऑगस्टपर्यंत आटोपतात. सप्टेंबरात लाइन फॉलोअर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिम्युलेटर, सत्र परीक्षा झाली की डिसेंबर-जानेवारीत खरी गाडी. फेब्रुवारीत थंडीही असते आणि कॉलेजांचे महोत्सवही असतात, पहिली शर्यत तेव्हा करावी. परीक्षेच्या महिन्यात गाडी कपाटात ठेवून बॅटरी अर्धी चार्ज करून काढून ठेवावी, पूर्ण भरलेली ठेवली तर ती लवकर खराब होते. ज्यांना यंदा दहावी आहे त्यांनी परीक्षेनंतरच्या सुटीत घरातला जुना लॅपटॉप घेऊन सिम्युलेटरपासून सुरुवात करावी, आणि घरी गॅरेज असेल तर दुपारी तिथेही बसावे.